काहिलीतून समुद्राकडे

३ ऑगस्ट १९३८, बुधवार. कुरुंदा.

आजपासून रोजनिशी. रिझोल्युशन एक: रोज लिहिणे. रिझोल्युशन दोन: कुणाचा हेवा न करणे. हेवा हे हलक्या माणसाचं काम.

कादर गावात आल्यापासून डोकं ठणकतंय, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

कादर म्हणजे माझा लहानपणचा दोस्त, खुर्शीदबीचा पोरगा. हळदीच्या पोत्यांबरोबर मुंबईला गेला तो तिकडंच रमला. आता रत्नागिरीच्या बाजूला मचव्यावर खलाशी आहे. मचवा म्हणजे शिडाची लहान होडी. मीठ आणि कौलं घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरते. पावसाळ्यात दर्या खवळतो, मचवे वर ओढून ठेवतात, म्हणून साहेब यंदा गावात. आले ते थेट मारुतीच्या पारावर. बसायला हरकत नाही. पण मधल्या जागेवर, झाडाला टेकून? ती जागा माझी आहे. आयत्या बिळावर नागोबा!

त्या जागेवरून मी हैद्राबाद सांगायचो. अख्ख्या कुरुंद्यात हुसेनसागर पाहिलेला मी एकटा. समुद्र असाच असतो, असं मी आजवर सांगत आलो. त्यात खोटं काय? नावातच सागर आहे. काल म्हाताऱ्या दगडोबानं कादरला विचारलं, दर्याचा पल्याडचा काठ दिसतो का? कादर म्हणाला, न्हाई, कुठंच न्हाई. लगेच सगळे माझ्याकडं बघायला लागले. हुसेनसागरच्या पलीकडच्या काठावरचे दिवे मीच त्यांना वर्णन करून सांगितले होते. माणसानं इतकं डिटेलमध्ये सांगू नये.

५ ऑगस्ट, शुक्रवार

कादरनं मिठागरावरून मिठाचा एक मोठा खडा आणलाय. लेकराच्या डोक्याएवढा. पारावर तो हातोहात फिरला. एकेकानं जीभ लावली आणि डोळे मिटून म्हणाला, व्हय, दर्या हाय. आमच्या शेजारच्या सोनाजीनं दोनदा लावली. माझ्याकडं आला तेव्हा मी म्हणालो, मीठ म्हणजे मीठ, आमच्या घरी डबाभर आहे. आणि पुढं दिला.

घरी आलो तर त्याच खड्याचा तुकडा आमच्या चुलीपाशी. कादरनं मंजुळाला वहिनी म्हणून दिलेला. ही माझी बायको, पण दिवसभर तोंडात एकच: कादरभावजी म्हणून राहिले होते दर्या असा, कादरभावजी म्हणून राहिले होते दर्या तसा. आमटी आज अगदी बेचव होती. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, मंग तीन वाट्या काहून प्याले?

८ ऑगस्ट, सोमवार

आज हद्द झाली. कादरनं तापाची गोष्ट सांगितली. अंगात ताप, तांडेल, म्हणजे मचव्याचा म्होरक्या, दुसऱ्या बाजूला पडलेला, शीड फाटलेलं, आणि हा गडी रात्रभर सुकाणू धरून बसला, म्हणे. बंदरात उतरला तेव्हा बोटं सुकाणूवरून सोडवावी लागली, म्हणे. सगळ्यांच्या तोंडून च् च् च्. दगडोबाच्या डोळ्यांत पाणी. त्याच्या डोळ्यांत तसंही असतंच.

तापात काय एवढं? मला दरवर्षी भाद्रपदात ताप येतो. कोण च् च् करतं? मंजुळा काढा देते आणि म्हणते, पडून राहा गुमान.

घरी येताना ठरवलं. समुद्रावर जायचं. होडीनं. एकट्यानं. रूट तयार आहे: आपल्या गावची नदी पुढं आसनेला मिळते, आसना गोदावरीला, गोदावरी समुद्राला. म्हणजे वाट चुकायचा प्रश्नच नाही, पाणीच नेणार. नांदेडच्या शाळेत नकाशावर मी मोजलं होतं, नांदेड ते समुद्र चार बोटं. शिवाय कादरचा समुद्र मावळतीचा, माझा उगवतीचा. उगवतीचा केव्हाही चांगला. समुद्राला लागलो की उजवीकडं वळायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं खालून वळसा घालून थेट रत्नागिरी. तिथं कादरचा मचवा दिसेल. मी हात वर करीन आणि पुढं जाईन. थांबणार नाही.

हे हेव्यातून नाही. भूगोलाची आवड मला पहिल्यापासून आहे.

११ ऑगस्ट, गुरुवार

होडीचा प्रश्न सुटला. सोनाजीची हळद शिजवायची काहील! परसात पालथी पडलेली असते, शिमग्यापर्यंत तिला कोणी विचारत नाही. लोखंडी, गोल, दोन माणसं मांडी घालून बसतील एवढी. पूर आला की आपल्याकडं काहिलीतूनच माणसं पलीकडं नेतात. बाळंतिणी नेल्या, नवरदेव नेले. मग एक तातेराव समुद्रापर्यंत का जाऊ नये?

सोनाजीला सांगितलं, तुझ्या काहिलीचा गंज काढून देतो. तो म्हणाला, काहून? मी म्हणालो, शेजारधर्म. त्यानं बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. भल्या माणसावर विश्वास ठेवायची सवयच राहिली नाही लोकांना.

आज पारावर कादर म्हणत होता, आता दर्याला नारळ पडला, मचवे पाण्यात उतरतील, पोळा झाला की चाललो. म्हणजे पोळ्याच्या आत निघायला हवं. तो असताना. तो नसताना निघण्यात काय अर्थ?

१५ ऑगस्ट, सोमवार

काहिलीच्या बुडाला जुनं ठिगळ आहे, त्याला डांबर लावलं. वल्हं म्हणून खळ्यावरचं लाकडी फावडं. बाहेरून चुन्यानं नाव लिहिलं: दर्याराणी. मंजुळानं विचारलं, ही कोण? मी समजावलं, होडीचं नाव असतं. ती म्हणाली, होडीला नाव, आन् मला इतक्या वर्षांत 'अगं' सोडून काय? मी चुन्याचा डबा उचलला. प्रवासाला निघणाऱ्यानं भांडू नये.

दुपारभर अंगणात काहिलीत बसून प्रॅक्टिस. अतिशय स्थिर आहे. जरासुद्धा हलली नाही.

मंजुळा पुन्हा आली. म्हणाली, तुमाला पवता येतंय का? मी म्हणालो, पोहता येत असतं तर होडी कशाला लागली असती? ती आत निघून गेली. लॉजिकपुढं बाया गप्प बसतात.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

ताप आला!

कादरला जसा होता तसाच. थंडी वाजून. टेम्परेचर मोजलेलं नाही, पण त्याच्यापेक्षा जास्तच असणार. दोन घोंगड्या घेऊन पारावर जाऊन बसलो, अगदी कडेला. कुणी विचारेना, शेवटी मीच कण्हलो. दगडोबा म्हणाला, घरी जा बाबा, दुसऱ्याला लागंल. कादर उठून आला, कपाळाला हात लावला, म्हणाला, तात्या, तुझं अंग लई तापलं, पडून राहा. यालाही आता माझ्या तापाची भीती वाटायला लागली.

अन्नावरची वासना गेली. मळमळतं. पण प्लॅन कायम.

२२ ऑगस्ट, सोमवार

मंजुळा म्हणते, तुमचे डोळे पिवळे दिसून राहिले. मी म्हणालो, मी आठवडाभर हळदीच्या काहिलीत बसतोय, पिवळा नाही तर काय निळा होणार? बायकांना साधा कार्यकारणभाव कळत नाही. नखंही पिवळी झालीत. सोनाजीच्या काहिलीला रंग चांगला आहे. बाकी पिवळेपणाचा तपशील लिहीत नाही.

ती म्हणाली, कावीळ झालीया, खुर्शीदमावशीकडं चला, त्या उतरवून देतील. खुर्शीदबीच्या हाताला गुण आहे हे पंचक्रोशीला माहीत आहे, मलाही. पण ती कादरची आई. कादरचा दर्या, कादरचं मीठ, आणि आता कादरच्या आईकडून कावीळ? मी मेलो तरी जाणार नाही. आणि मला कावीळ नाही.

ती जाता जाता म्हणाली, कावीळ झालेल्याला सारं जग पिवळं दिसतं. हे मला उद्देशून नसावं.

२५ ऑगस्ट, गुरुवार. पोळा. सकाळी.

आजचा दिवस. सगळं गाव बैल धुवायला नदीवर असणार, आणि कादरही. पाणी भरपूर आहे. बरोबर भाकरी, ठेचा, लोणचं, छत्री. मंजुळाला फक्त एवढंच म्हणालो, येतो. ती पुरणाला बसली होती. म्हणाली, जेवायच्या आत या.

समुद्रावर निघालेल्या माणसाला जेवायच्या आत या!

तीच तारीख. संध्याकाळी.

लोक काय वाटेल ते सांगतील, म्हणून खरं काय झालं ते इथं लिहून ठेवतो.

प्रस्थान उत्तम झालं. सोनाजी 'अरं माझी काहील!' म्हणून ओरडला, त्याकडं लक्ष दिलं नाही. सगळे बघत होते. कादर बैलाच्या पाठीवर पाणी मारता मारता थांबला. त्याचं तोंड उघडं पडलं. तेवढ्यासाठी मी इतके दिवस काढले.

मग दर्याराणी फिरायला लागली. पुढं जाण्याच्या ऐवजी गोल. फावडं उजवीकडं मारलं तर डावीकडं गोल, डावीकडं मारलं तर उजवीकडं गोल. हा काहिलीचा आकाराचा दोष आहे, माझा नाही. पार, देऊळ, बैल, कादर, पुन्हा पार. शेवटी ओकलो. खऱ्या दर्यावर्दींना हेच होतं, कादरनं स्वतः सांगितलेलं आहे. म्हणजे मी काही अंशी समुद्रावर पोचलो होतो असं म्हणायला हरकत नाही.

नंतर सोनाजीच्या ढवळ्या बैलानं शिंगानं जरासा धक्का दिला आणि मी पाण्यात गेलो. मी ओरडलो असं म्हणतात. मी सूचना देत होतो. पाणी कमरेएवढंच होतं असंही म्हणतात. उभ्या माणसाच्या की बसलेल्या, हे कोणी सांगत नाही. बुडत असताना मोजत कोण बसतं?

कादर कपड्यानिशी आला आणि त्यानं मला बखोटीला धरून उभं केलं. उभं राहिल्यावर पाणी खरंच कमरेएवढं निघालं. ते मी उभा राहिल्यामुळं उतरलं असावं.

दगडोबा काठावरून म्हणाला, उथळ पाण्याला खळखळाट फार. सगळं गाव हसलं. कादर हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं, मग मला त्याचा राग तरी धरता आला असता.

पुरण जेवायच्या आत घरी पोचलो. खाल्लं गेलं नाही.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

काल एक गोष्ट लिहायची राहिली. मी पडल्यावर दर्याराणी हलकी झाली आणि सरळ निघाली. गोल फिरणं बंद. डौलात. माझ्या छत्रीसकट. वळणावरून गेली ती दिसेनाशी झाली.

अंथरुणात पडून एकच विचार: आता ती आसनेला लागली असेल. आता गोदावरीला. आता काहील समुद्र बघणार आणि मी नाही. सोनाजीची काहील! हळद शिजवायची!

जळतो मी. हो. एकदाच लिहितो, परत लिहिणार नाही. कादरवर जळतो, त्याच्या तापावर जळतो, त्याच्या मिठावर जळतो, आणि आजपासून एका लोखंडी भांड्यावर जळतो.

२८ ऑगस्ट, रविवार

काहील सापडली. तीन गावं खाली, बाभळीच्या मुळ्यांत अडकलेली. कादर बैलगाडी घेऊन गेला आणि घेऊन आला, छत्रीसकट. तीन गावं! म्हणजे मला घेऊन हातभर पुढं सरकली नाही, आणि एकटी एवढी गेली. सोनाजी दारात येऊन म्हणाला, तुमची दर्याराणी पळून जाऊन परत आली, आता घरात घेता का मी नेऊ? मंजुळा हसली. माझ्या घरात, माझ्या बायकोनं, माझ्यावर.

तरी बरं वाटलं. समुद्र तिलाही दिसला नाही.

२९ ऑगस्ट, सोमवार

उठवत नाही. मंजुळानं मला न विचारता खुर्शीदबीला बोलावलं. मी भिंतीकडं तोंड केलं. म्हातारी उशाशी बसली आणि म्हणाली, तातेराव बेटा, लहानपणी माझ्याच घरी भाकर खाऊन झोपत होतास, आता तोंड फिरवतोस व्हय रे? मग मला वळावंच लागलं.

तिनं परातीत चुन्याचं पाणी घेतलं, माझे हात त्यात धरले, खांद्यापासून खाली चोळत, तोंडानं काही पुटपुटत. पाणी पिवळंजर्द झालं. मी म्हणालो, ही काहिलीची हळद आहे. ती म्हणाली, व्हय बेटा, हळदच हाय. तिनं दुसरं पाणी घेतलं, तेही पिवळं. तिसरं थोडं कमी. मग कसल्याशा काड्या ओवलेली माळ डोक्यावर ठेवली. ही माळ आपोआप लांबत जाते, गळ्यावरून खाली उतरली की कावीळ उतरली.

पथ्य: तेल नाही, तिखट नाही, मीठ नाही, हळद नाही. उसाचा रस आणि ताक-भात. शीव ओलांडायची नाही, नदीत पाय घालायचा नाही. हे शेवटचं तिनं मंजुळाकडं बघून सांगितलं आणि दोघी कशाला तरी हसल्या.

मला कावीळ नाही. पण म्हातारीचं मन मोडवलं नाही.

१ सप्टेंबर, गुरुवार

माळ कानापर्यंत आली. कादर येऊन बसला. रोज येतो, मी झोपल्याचं सोंग करतो, आज सोंग वठलं नाही. मी म्हणालो, जा की पारावर, लोक वाट बघून राहिले असतील. तो म्हणाला, बसू दे रे. तिकडं मचव्यावर माझं कोणी ऐकत न्हाई तात्या. तिकडं सगळेच दर्यावरचे. मी तोंड उघडलं की तांडेल म्हणतो, पाणी उपस. पावसाळाभर इथं बोलतो, तेवढंच.

मग म्हणाला, आन् तू हैद्राबाद सांगायचास ना, ते मी मचव्यावर एकदा सांगितलं. हुसेनसागरचे दिवे. माझं म्हणून. तेवढंच त्यांनी ऐकलं.

याला काय म्हणावं! माझे दिवे! मला न विचारता! रात्री बराच वेळ रागावून होतो. नंतर रागाचं कारण आठवेना.

३ सप्टेंबर, शनिवार

उद्या कादर जाणार. संध्याकाळी आला, मंजुळा चुलीपाशी होती. म्हणाला, तात्या, खरं सांगू? आमच्या मचव्यावर एक माणूस कमी आहे. रांधायला आन् पाणी उपसायला. मी तांडेलशी बोलतो. चल माझ्यासंगं. तब्येत सुधरली की मागून येतो म्हणशील तरी चालंल, मी मुंबईला घ्यायला येतो. दर्या बघ एकदा.

मंजुळाचा हात थांबला. म्हणाली, जा तुमी. मी बघते घर. जाऊन या.

दोघं माझ्याकडं बघत होते. काहील नाही, नकाशा नाही, चार बोटं नाहीत. खरा मचवा. सगळं खरं.

माझ्या तोंडून एकदम निघालं, कसा येऊ बाबा, मला कावीळ झालीय ना!

पंधरा दिवस जे कबूल केलं नाही ते असं सहज निघालं. आणि एवढं ठासून, की मलाच आश्चर्य वाटलं.  कादरनं आधी माझ्या माळेकडं पाहिलं. मग म्हणाला, व्हय, ते खरं हाय, पथ्य मोठं. त्यानं माझी माळ सरळ केली आणि उठला. मंजुळानं चुलीत लाकूड सारलं. 

४ सप्टेंबर, रविवार

कादर गेला. सगळं गाव त्याला पोचवायला शिवेपर्यंत गेलं. मला शीव बंद. त्याच्या गळ्यात झेंडूचे हार, माझ्या गळ्यात काविळीची माळ, खांद्यावर उतरलीय. मंजुळाही गेली. जाताना म्हणाली, एकटे नका बसू, पारावर जा.

पारावर गेलो. मधली जागा रिकामी. झाडाला टेकून बसलो. कुणी नव्हतं. मारुती होता. हुसेनसागरच्या दिव्यांची गोष्ट एकदा मनातल्या मनात म्हणून पाहिली; कादरच्या आवाजात ऐकू आली.

घरी आलो, चुलीपाशी तो मिठाचा तुकडा होता. मीठ बंद आहे. जिभेला लावला. खारट आहे. पुन्हा लावला.

रिझोल्युशन: पुढच्या पावसाळ्याआधी पोहायला शिकणे. शिकवणारा कोण हाच प्रश्न आहे. गावात चांगलं पोहणारा एकच माणूस, तो पावसाळाभर इथं होता. त्याला विचारायला हवं होतं.